लिहिणावळ

आयकर विवरणपत्राच्या नमुन्यात २०२३-२४ या करनिर्धारण वर्षापासून एक नवी अनुसूची दाखल झाली, आणि तेव्हापासून वर्ध्यासारख्या जिल्ह्याच्या ठिकाणी, जेथे करसल्लागाराच्या कचेरीत येणारा अशील बहुधा कापसाचा अडत्या, जिनिंगमधला भागीदार, औषधांचा दुकानदार किंवा निवृत्तिवेतन घेणारा शिक्षक असावयाचा, तेथे अगदी निराळ्या वयाची आणि निराळ्या बोलीची माणसे येऊन बसू लागली. त्या अनुसूचीचे सरकारी नाव ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे आहे. मालमत्ता घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, घेताना पडलेली किंमत, देताना आलेला मोबदला आणि उरलेले उत्पन्न, असे मोजके रकाने तीत आहेत. परंतु ते भरावयाचे तर समोरच्या तरुणाने मोबाईलवर दाखविलेला मजकूर वाचता आला पाहिजे, आणि तो वाचण्याची विद्या मला कोणत्याही परीक्षेसाठी शिकविलेली नव्हती. बजाज चौकाजवळच्या माझ्या कचेरीत जुलै महिन्यात जी गर्दी होते तिच्यात ही विद्या मी अशिलांच्याच व्यवहारांवरून थोडीथोडी मिळविली. या मार्गावर नव्याने पाऊल टाकणाऱ्यांना तिचा उपयोग व्हावा, म्हणून हे टिपण.

माझे मूळचे शिक्षण कीर्द-खतावणीचे. हिंगणघाटच्या कापूसबाजारात एका अडतीच्या पेढीवर उमेदवारी केली तेव्हा लाल कापडात बांधलेल्या लांबट वह्या पुरत्या गेल्या नव्हत्या, आणि तेथल्या मुनीमजींचा दंडक असा होता की, नोटा कितीही डोळ्यांसमोर पडलेल्या असोत, वहीत जमा पडल्याखेरीज त्या आल्या असे म्हणावयाचे नाही. हा दंडक मला पुढे अनपेक्षित ठिकाणी उपयोगी पडला. कारण बिटकॉइन, इथर इत्यादी ज्या वस्तूंना लोक नाणी म्हणतात त्यांचे स्वरूप तपासू लागलो तेव्हा असे आढळले की, तेथे वही काय ती आहे, रोकड मुळीच नाही. वर्तमानपत्रे ज्या झगझगीत सोनेरी चकतीचे चित्र छापतात ती चित्रकाराच्या मनातली. मोबाईलमध्ये ज्याला वॉलेट म्हणतात त्यातही नाणे नसते. तेथे असते एक गुप्त किल्ली, आणि वहीत जी शिल्लक आपल्या नावावर, खरे तर एका लांबलचक अक्षरमालिकेवर, म्हणजे पत्त्यावर, लिहिलेली आहे ती दुसऱ्याच्या अक्षरमालिकेवर चढवावी अशा हुकुमावर त्या किल्लीने सही होते, एवढेच. किल्ली ज्याच्या हाती, त्याची सही खरी. वहीला माणूस ओळखता येत नाही.

यांतली पहिली वही बिटकॉइनची. सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या, पण ज्याची ओळख आजतागायत निश्चित झालेली नाही अशा इसमाने किंवा इसमांनी ३१ ऑक्टोबर २००८ रोजी नऊ पानांचा एक निबंध प्रसृत केला आणि ३ जानेवारी २००९ रोजी तिचे पहिले पान लिहिले गेले. तेव्हापासून सरासरी दर दहा मिनिटांनी एक पान जोडले जाते. ते लिहिण्याचा मान ज्याला मिळतो त्याला बक्षीस म्हणून नवी नाणी मिळतात. हे बक्षीस आरंभी पन्नास होते, दर दोन लाख दहा हजार पानांनंतर ते निम्मे होते, आणि एप्रिल २०२४ पासून ते ३.१२५ वर आले आहे. एकंदर नाणी दोन कोटी दहा लाखांपलीकडे जावयाची नाहीत, आणि प्रत्येकाचे दहा कोटी भाग पडतात. म्हणूनच पाचशे रुपयांचे बिटकॉइन घेता येते. आख्खे घ्यावे लागेल असे समजून बिचकणारे लोक मला अजून भेटतात.

दुसरी मोठी वही इथेरियमची. विटालिक बुटेरिन या तरुणाच्या कल्पनेतून निघालेली आणि ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेली. हिच्यात एक विशेष सोय आहे. हिच्या पानांवर केवळ जमा-नावे लिहिता येते असे नव्हे, तर नियमही लिहून ठेवता येतात, आणि ते नियम वही स्वतःच पाळते. त्यामुळे कोणालाही या मोठ्या वहीच्या पोटात स्वतःची लहान वही उघडता येते. नाणे आणि टोकन यांतला जो भेद नवख्यांना उमगत नाही, किंवा उमगू दिला जात नाही, तो हाच. इथर हे त्या मोठ्या वहीचे स्वतःचे नाणे. आणि तिच्या पोटातल्या लहान वहीत ज्याची शिल्लक लिहिलेली असते ते टोकन. डॉलरशी भाव बांधून ठेवणारे यूएसडीटी हे असेच टोकन असून टेथर नावाची कंपनी ते काढते, आणि ते एकाच वहीच्या पोटात नाही: इथेरियमवर त्याची एक लहान वही आहे, ट्रॉन नावाच्या वेगळ्या मोठ्या वहीवर दुसरी, आणि बीएनबीच्या साखळीवर (अशा वहीला साखळीही म्हणतात) त्याच्या प्रतिरूपाची तिसरी. नाव एक, भाव एक, पण दप्तरे निदान तीन. या तीन दप्तरांकडे पुढे वळणार आहे.

हा भेद पुस्तकी आहे असे कोणास वाटेल, तर त्याने महाराष्ट्रात गाजलेले गेनबिटकॉइनचे प्रकरण आठवावे. दरमहा दहा टक्के परतावा, तोही अठरा महिने, अशा आमिषाने त्या योजनेत लोकांकडून बिटकॉइन घेण्यात आले. पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये मुख्य सूत्रधारास अटक केली, आणि पुढे तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेला. त्या प्रकरणातील एक गोष्ट मला सर्वांत बोधक वाटते. नवा पैसा आटू लागला तेव्हा, २०१७ मध्ये, योजनेने बिटकॉइनच्या ऐवजी एमकॅप नावाचे स्वतः काढलेले टोकन लोकांच्या पदरात घालण्यास आरंभ केला. घेतले ते अशा वहीतले, जिच्यात चालकाला स्वतःच्या मर्जीने एक अंकही वाढविता येत नाही. दिले ते अशा वहीतले, जी चालकांनीच उघडली होती आणि जिच्यातील मालाला बाजारात मोल जवळजवळ नव्हते. मोबाईलच्या पडद्यावर मात्र दोन्ही सारखीच दिसत: एक चिन्ह, एक आकडा.

तशाच धाटणीच्या दुसऱ्या एका योजनेत आपली पुंजी घातलेले एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे आले होते. नागपूरकडच्या कोणा परिचिताने त्यांना गळ घातली होती. त्यांच्या खात्यात टोकनांची संख्या लाखांत दिसत होती, आणि यावर कर किती बसेल या काळजीने ते बिचारे हवालदिल झाले होते. मी त्यांना संगणकापुढे बसविले. या वह्यांचा एक गुण निःसंशय वाखाणण्यासारखा आहे, तो हा की त्या सर्वांना उघड्या असतात. साखळीतील नोंदी दाखविणारी संकेतस्थळे आहेत, तेथे टोकनाच्या कराराचा, म्हणजे त्या लहान वहीच्या नियमांचा, पत्ता घातला की एकूण पुरवठा किती, धारक किती, कोणाकडे किती, हे सारे दिसते. गुरुजींच्या टोकनाची यादी उघडली तो पहिल्या एकाच पत्त्यावर बहुतांश माल पडून होता, उरलेल्यांत गुरुजींसारखे किरकोळ. आणि करारात मालकाला हवे तेव्हा नवा माल निर्माण करण्याची मुभा राखून ठेवलेली होती. खरेदी-विक्रीची नोंद शोधली तर अलीकडची एकही सापडेना. “म्हणजे विकायला गेलो तर घेणारा कोणी नाही म्हणता?” गुरुजींनी विचारले. घेणारा नव्हता. मग काही वेळाने ते म्हणाले, “पण यावर ईआरसी-२० असे लिहिले आहे, ते काय आयएसआय मार्कासारखे नव्हे?”

गुरुजींचा हा प्रश्न मला पुढे अनेक मुखांतून ऐकावयास मिळाला, म्हणून त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. आणि वर्ध्याचा माणूस असल्यामुळे ते मला सुताच्या गुंडीवरून देणेच सोयीचे वाटते.

बेळगावला डिसेंबर १९२४ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली जे काँग्रेसचे अधिवेशन भरले त्याने सभासदत्वाची चार आण्यांची वर्गणी बाजूस सारून दरमहा दोन हजार वार सूत द्यावे असे ठरविले. पुढच्याच वर्षी ती सक्ती सैल झाली, तरी सूत हे देण्याघेण्याचे साधन होऊ शकते ही कल्पना काही मावळली नाही. पवनारला धाम नदीच्या पात्रात १२ फेब्रुवारी १९४८ रोजी गांधीजींच्या अस्थींचे विसर्जन झाले, आणि त्या तिथीला भरणाऱ्या मेळ्यात प्रत्येकाने स्वतः कातलेल्या सुताची एक गुंडी अर्पण करावी असे विनोबांनी सांगितले. आता गुंडी म्हणजे किती, हे जर गावोगाव निराळे असते तर ना ती मोजता आली असती, ना विणकराला तिचा हिशेब लागला असता. म्हणून माप ठरलेले होते: चार फूट घेराच्या फाळक्यावर सुताचा एक वेढा म्हणजे एक तार; एकशे साठ तारांची एक लटी; चार लटींची, म्हणजे सहाशे चाळीस तारांची, एक गुंडी. आर्वीची गुंडी असो की रत्नागिरीची, घेणाऱ्याला ती उलगडून पाहावी लागत नसे. परंतु सहाशे चाळीस तार पुरे भरले म्हणून सूत चांगले, असे खादीच्या कोणत्याही भांडारात कोणी म्हटले नाही. सुताचा अंक वेगळा काढीत, आणि कस तर वजन लटकावून स्वतंत्र पाहत. कच्चे सूत गुंडीत पुरेपूर भरूनही मागावर तटातट तुटते, हे प्रत्येक विणकराला ठाऊक होते.

टोकनाचे मानक हे असे माप आहे, कस नव्हे. फाबियन फोगेलश्टेलर आणि बुटेरिन यांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये मांडलेल्या त्या प्रस्तावाचा अनुक्रमांक वीस होता, म्हणून ते ईआरसी-२०. त्या विसामागे गुणवत्तेची प्रतवारी नाही. टोकनाच्या लहान वहीने निदान सहा प्रश्नांना ठरावीक पद्धतीने उत्तर द्यावे, एवढेच ते सांगते: एकंदर माल किती, अमक्याच्या नावे शिल्लक किती, शिल्लक दुसऱ्याला कशी द्यावयाची, दुसऱ्याच्या वतीने कशी काढावयाची, तशी मुखत्यारी कोणास द्यावयाची, आणि दिलेल्या मुखत्यारीपैकी किती उरली. ही सहा उत्तरे ठरीव साच्यात मिळाली म्हणजे कोणतेही वॉलेट, कोणताही बाजार, म्हणजे एक्स्चेंज, ते टोकन हाताळू शकतो. टोकन काढणारा सज्जन आहे की लबाड, त्यामागे तारण आहे की नाही, याबद्दल मानक अवाक्षर काढीत नाही. त्यातली मुखत्यारीची सोय तर नवख्यांच्या दृष्टीने फार जपण्यासारखी. फुकट टोकन वाटणाऱ्या एखाद्या स्थळावर ‘अप्रूव्ह’ असे बटन दाबले की पुष्कळदा अमर्याद रकमेची मुखत्यारी लिहून दिली जाते, आणि मग खात्यातले टोकन निघून गेले तर त्याला वहीच्या भाषेत चोरी म्हणता येत नाही, कारण सही आपलीच असते.

ईआरसी-७२१ हे निराळे मानक प्रत्येक नग वेगळा असणाऱ्या वस्तूंसाठी आहे. त्यावर चित्रांचा जो बाजार भरला आणि ओसरला त्याविषयी माझ्या अशिलांकडून फारसे सांगण्यासारखे मिळाले नाही, म्हणून ते सोडून देतो.

आता लिहिणावळ. वहीत नोंद करून घेण्यासाठी जे द्यावे लागते त्या शुल्काला इथेरियमवाले गॅस म्हणतात, आणि नवख्याचा पहिला गोंधळ या शुल्कापाशी होतो. कारण बँकेच्या आणि दलालीच्या सवयीने तो असे धरून चालतो की शुल्क म्हणजे रकमेवर शेकडा काही. वस्तुतः वहीला रकमेशी कर्तव्यच नसते. बिटकॉइनच्या पानावर जागा मर्यादित आहे, आणि आपली नोंद किती जागा अडविते यावर तेथे शुल्क ठरते. इथेरियममध्ये ती नोंद करण्यास यंत्राला किती श्रम पडतात यावर ठरते. साधे इथर एका खात्यातून दुसऱ्यात घालण्यास एकवीस हजार एकके लागतात, मग ते शंभर रुपयांचे असो की शंभर कोटींचे. टोकन पाठवावयाचे तर लहान वही उघडून तिच्यात दोन ठिकाणी खाडाखोड करावी लागते, म्हणून सुमारे पंचेचाळीस ते पासष्ट हजार एकके. एककाचा दर गर्दीप्रमाणे क्षणोक्षणी बदलतो, आणि तो ग्वेई या मापात, म्हणजे इथरच्या शंभर कोटीव्या भागात सांगतात. दर वीस ग्वेई असला तर साध्या नोंदीस ०.०००४२ इथर आणि पासष्ट हजार एककांच्या टोकन-नोंदीस ०.००१३ इथर पडेल. इथरचा भाव हिशेबापुरता दोन लाख रुपये धरला तर अनुक्रमे चौऱ्याऐंशी आणि दोनशे साठ रुपये. गर्दी होऊन दर शंभर ग्वेईवर गेला की दोनशे साठांचे तेराशे होतात. लक्षाधीशाला हे जाणवतही नाही. दोन हजार रुपयांचे टोकन पाठविणाऱ्या विद्यार्थ्याची मात्र निम्म्याहून अधिक रक्कम वाटेतच खर्ची पडते. ही व्यवस्था गरिबांचे बँकेपासून रक्षण करील असे सांगत जे आले त्यांनी या गणितावर क्वचितच बोट ठेवले, हे माझे मत मी लपवीत नाही.

५ ऑगस्ट २०२१ पासून या शुल्काचे दोन भाग पडले आहेत: मूळ दर वही स्वतःच ठरविते आणि तो कोणाच्याही खिशात न जाता नष्ट केला जातो, वरची बक्षिसी तेवढी पान लिहिणाऱ्याला मिळते. नोंद अर्ध्यावर फसली तरी शुल्क परत येत नाही, कारण श्रम झालेले असतात. आणि गर्दी कशाने होईल याचा नेम नाही. २० एप्रिल २०२४ रोजी बिटकॉइनचे बक्षीस निम्मे झाले त्याच पानापासून रून्स या नावाने त्या वहीवर टोकने नोंदविण्याची एक नवी रीत सुरू झाली, आणि हौशी लोकांची अशी झुंबड उडाली की त्या दिवशी एका नोंदीचे सरासरी शुल्क शंभर डॉलरांच्याही वर गेले.

परंतु लिहिणावळीचा जो नियम मी सर्वांत आधी सांगतो तो दराचा नाही. ती कशात द्यावयाची याचा आहे. आर्वी तालुक्यातला एक मुलगा परदेशातल्या कोणासाठी चित्रफितींची कामे करतो. त्याला मोबदला यूएसडीटीत मिळाला होता, आणि तो ट्रॉनच्या वहीवर त्याच्या वॉलेटमध्ये स्वच्छ दिसत होता. तो घाबराघुबरा होऊन आला. “काका, पैसे तं दिसून रायले, पन जाऊन नाही रायले,” त्याने मोबाईल पुढे केला. टेलिग्रामवरच्या कोणा मदतनिसाने त्याला सांगितले होते की खाते गोठले आहे, ते मोकळे करण्यासाठी आधी काही रक्कम भर आणि तुझे चोवीस शब्द कळव. हे शब्द म्हणजे वॉलेटची गुप्त किल्लीच; सुदैवाने पोराने दोन्ही केले नव्हते. मी विचारले, “टीआरएक्स किती आहे तुझ्यापाशी?” तो म्हणाला, “ते काय अस्ते?” पडद्यावर खाली बघितले, यूएसडीटीची रक्कम भरघोस, आणि टीआरएक्सपुढे शून्य. खाते कोणी गोठविलेले नव्हते. ट्रॉनच्या वहीत नोंद करावयाची तर लिहिणावळ ट्रॉनच्याच नाण्यात, म्हणजे टीआरएक्समध्ये, दिली पाहिजे, टोकनात ती चालत नाही; जसे इथेरियमवर इथर लागते आणि बीएनबीच्या साखळीवर बीएनबी. नोंदणीकृत बाजारातून थोडे टीआरएक्स घेऊन त्याने स्वतःच्या पत्त्यावर पाठविले, आणि त्याच बाकावर बसल्या बसल्या त्याचे यूएसडीटी निघून इच्छित स्थळी जमा झाले. टोकन ठेवणाऱ्याने त्या वहीचे नाणे थोडे तरी जवळ बाळगलेच पाहिजे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि त्याच्या अज्ञानाचा माग काढीत तो टेलिग्रामवाला मात्र तत्परतेने हजर झाला होता.

तीन दप्तरांचा उल्लेख वर केला, त्यांतून होणारा घोटाळा याहून वाईट. ईआरसी-२०, टीआरसी-२०, बीईपी-२० ही नावे एका घराण्यातली वाटतात, आणि घडणीत ती आहेतही. परंतु पहिले इथेरियमवर, दुसरे ट्रॉनवर आणि तिसरे बीएनबीवर. ट्रॉनचा पत्ता इंग्रजी टी या अक्षराने सुरू होतो, म्हणून तो निदान डोळ्यांना वेगळा दिसतो. बिटकॉइनचा एक, तीन किंवा ‘बीसी-१’ यांनी सुरू होतो. इथेरियमचा पत्ता मात्र शून्य आणि एक्स यांनी सुरू होऊन पुढे चाळीस चिन्हे घेतो, आणि बीएनबीचाही अगदी तसाच. सेलू तालुक्यातील एका बाईंनी बीएनबीच्या वहीतून आपले टोकन एका बाजाराच्या अशा पत्त्यावर धाडले, जो बाजार त्या टोकनासाठी केवळ इथेरियमच तपासत होता. पत्ता जुळला, नोंद झाली, शुल्क स्वस्त पडले म्हणून त्यांना बरेही वाटले. आणि बाजाराच्या खात्यात काही येईना. माल हरवला नव्हता. तो त्याच पत्त्यावर, पण दुसऱ्या वहीत, बाजाराच्या किल्लीखाली पडून होता, आणि तो काढून देणे न देणे सर्वस्वी बाजाराच्या मर्जीवर होते. पुष्कळ पत्रव्यवहारानंतर, कपात सोसून, तो मिळाला. बाई म्हणाल्या, “भाऊ, पत्ता तर तीनदा तपासला होता मी.” त्यांनी खरोखरच तपासला होता; जाळे, म्हणजे नोंद कोणत्या वहीत होते आहे ते, तपासले नव्हते. म्हणून पाठविताना जाळ्याचे नाव देणाऱ्याकडे आणि घेणाऱ्याकडे एकच आहे ना, हे आधी पाहावे, आणि मोठ्या रकमेपूर्वी एक क्षुल्लक रक्कम धाडून ती पोचल्याची खातरजमा करावी. दुसऱ्यांदा शुल्क पडते, ते पडू द्यावे.

माझ्या धंद्याचे म्हणून, म्हणजे कराविषयी, जे बोलावयाचे ते थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले होते. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते रद्द केले. हे व्यवहार बेकायदा नाहीत, पण चलन म्हणूनही त्यांना मान्यता नाही. सरकारने त्यांना करपात्र मात्र ठरविले आहे. २०२२ च्या वित्त अधिनियमाने अशा मालमत्तेच्या हस्तांतरातील उत्पन्नावर सरसकट तीस टक्के कर बसविला, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेतून एक टक्का उगमस्थानी कापला जातो. मिळकतीतून खरेदीची किंमत तेवढी वजा होते. अन्य कोणताही खर्च होत नाही, आणि म्हणून ज्या लिहिणावळीविषयी इतके लिहिले ती पाठवणीची लिहिणावळ वजावट म्हणून मागता येत नाही. एका टोकनात दहा हजार मिळाले आणि दुसऱ्यात दहा हजार बुडाले तर माणूस व्यवहारतः जागच्या जागी असतो. पण कायदा मिळालेल्या दहा हजारांकडे पाहतो, बुडालेल्यांकडे नाही, आणि उपकरासह तीन हजार एकशे वीस रुपये मागतो. एक टोकन देऊन दुसरे घेतले, रुपयाला हातही लावला नाही, तरी ते हस्तांतरच. ही तरतूद मला कठोर वाटते. तथापि ती पुस्तकात आहे तोवर विवरणपत्र तिच्याप्रमाणेच भरावे लागेल, आणि समोरच्या तरुणाला तसे सांगताना त्याचा चेहरा पडतो तो पाहावा लागेल.

एवढे सारे लिहिल्यावर मी या वह्यांचा द्वेष्टा आहे असा समज होऊ नये. विदर्भातल्याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्लीच्या उपविभागात, २०२२ मध्ये पासष्ट हजार जातीचे दाखले पॉलिगॉन या साखळीवर नोंदविण्याची योजना प्रशासनाने हाती घेतली. हेतू असा की दाखला बनावट आहे की खरा हे कोणालाही, कचेरीत खेटे न घालता, पडताळून पाहता यावे. पॉलिगॉन हे जाळे भारतीय तरुणांच्या पुढाकाराने उभे राहिलेले आणि इथेरियमच्या मानाने अतिशय स्वस्त. पासष्ट हजार नोंदी इथेरियमच्या मूळ वहीत करावयाच्या म्हटल्या असत्या तर लिहिणावळीनेच योजना गुंडाळावी लागली असती. खोटा दाखला ही ज्या मुलुखात गरिबाची रोजची अडचण आहे तेथे न खोडता येणारी आणि सर्वांना उघडी असलेली वही कामाची आहे, असे मला वाटते. भावाच्या चढउतारावर डोळा ठेवून रात्री जागणाऱ्या माझ्या अशिलांना मात्र ही बातमी सांगितली तर ते शिष्टाचार म्हणून मान डोलावतात आणि मोबाईलकडे पाहतात.

तेव्हा या व्यवहारात असलेल्या, किंवा पडू इच्छिणाऱ्या, वर्धा-हिंगणघाट-आर्वीकडच्या मंडळींना माझी विनंती एवढीच. विवरणपत्रासाठी येताना मोबाईलच्या पडद्याची छायाचित्रे आणू नका. त्यांवर तारीख असते तर किंमत नसते, आणि किंमत असते तर कोणत्या वहीतली ते नसते. आपल्या बाजाराकडून एप्रिल ते मार्चची व्यवहारांची पूर्ण यादी उतरवून आणा, स्वतःच्या वॉलेटमधून जे केले त्याचा पत्ता आणि जाळ्याचे नाव कागदावर लिहून आणा, आणि शक्यतो ३१ जुलैच्या आदल्या संध्याकाळी येऊ नका. वॉलेट उघडताना मिळालेले ते बारा किंवा चोवीस शब्द मात्र घरीच ठेवा. ते मला लागत नाहीत, आयकर खात्याला लागत नाहीत. आणि माझ्या कचेरीतून बोलतो आहे असे सांगून कोणी ते मागितले तर खुशाल फोन ठेवून द्या.